मैदानाखालचा नवरा

इस्त्रीवालीने नवऱ्याला मारून मैदानात पुरलंय, अशी कुजबुज आमच्या वस्तीत आठवडाभर जोरात होती. कुजबुजीची एक ठरलेली चाल असते. आधी ती न्हाव्याच्या खुर्चीत बसते, मग दुधाच्या रांगेत उभी राहते आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून तुमच्याच कानाशी म्हणते, "तुम्हाला म्हणून सांगते हं!" कोणी म्हणे उभा पुरलाय, कोणी म्हणे आडवा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर दिशासुद्धा सांगितली: डोकं शाळेकडे, पाय पाण्याच्या टाकीकडे. काकू वस्तीत येऊन सहा वर्षं झाली होती आणि नवरा नाहीसा होऊन एकोणीस. पण अफवेला साक्षीदार लागला की तो कुठूनही उगवतो.

मी स्वतः या बाजारातला जुना माणूस आहे. ऐकतो, थोडी फोडणी देतो, पुढे सरकवतो. घरचे म्हणतात, तुमच्या पोटात तीळ भिजत नाही. तर या अफवेत तथ्य किती ते सांगतोच, पण आधी बाई कोण ते ऐका.

वय बावन्न. अंगाने बुटकी, उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच जाड. तो हात कोळशाच्या इस्त्रीने घडवलेला. दोन इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी वर पत्रा, खाली टेबल. टेबलावर जुनी घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर, चादरीवर तपकिरी होड्यांसारखे डाग. इस्त्री तापली की नाही हे ती गालाजवळ धरून बघायची. नवीन गिऱ्हाईक ते बघून दचकायचं. डाव्या हाताने तांब्यातलं पाणी शिंपडायचं, उजव्याने इस्त्री फिरवायची आणि तोंडाने वस्तीचा कारभार चालवायचा, अशी तिची तीन खाती एकदम चालत. पोरं तिला मावशी म्हणत. मागे सगळे 'चटका' म्हणत. तिलाही ते माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती.

माझी आणि तिची दोस्ती अर्थातच गप्पांमुळे. निवृत्त झाल्यावर दुपारी माझं ठिकाण म्हणजे तिच्या टेबलाशेजारचं उपडं खोकं. माणसांचं मला जे ऐकून कळायचं ते तिला कपड्यांवरून कळायचं. "माणसाच्या तोंडाकडे बघू नका काका, काखेकडे बघा," ती म्हणायची. कोणाचं लग्न मोडायला आलंय, कोणाची नोकरी गेलीय, कोण म्हातारपणी केस रंगवायला लागलाय, हे तिला कॉलर सांगायची. मी दोन वर्षं लपवलेली गुडघेदुखी तिने पँटच्या सुरकुत्यांवरून ओळखली होती.

नवऱ्याचं म्हणाल तर तो एका सकाळी "काम बघून येतो" म्हणून गेला. जाताना दोन शर्ट कडक इस्त्री करून नेले. त्यांच्या घड्या तिने स्वतःच्या हाताने घातल्या होत्या. नवरा गेल्याचं दुःख असेल-नसेल, त्या घड्यांचा राग मात्र तिला कायम होता. घरात राहिली ती आणि सहा वर्षांची मुलगी. त्या मुलीने बाप गेल्यावर बोलणंच टाकलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, चार महिने पोरगी मुकी. आई इस्त्री करायची तेव्हा ही टेबलाखाली बसून मैदानाकडे बघत राहायची.

मैदान म्हणजे काय, टेबलासमोरची उघडी माती. एका कडेला टाकी, दुसऱ्या कडेला शाळेची भिंत. कोणाच्या नावावर होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते पोरांचं होतं. तिथे लगोरी चाले, आट्यापाट्या चाले, ठिकरी चाले आणि सगळ्यात जास्त विटीदांडू. एक दिवस एका पोराने जमिनीवर पडलेली विटी उचलून "झेलली, झेलली" म्हणून बोंब मारली. तेव्हा टेबलाखालून आवाज आला, "खोटारड्या! टप्पा पडला होता!" चार महिन्यांनी तोंडातून निघालेला पहिला शब्द, आणि तोही भांडणाचा. पोरगी आईवर गेली होती.

त्या दिवशी बाईच्या हातून एक चादर जळली. उजाड का असेना, पण त्या मातीचं आपण देणं लागतो असं तिच्या मनात बसलं ते कायमचं. मग तीच मैदानाची पंच झाली. पोरं भांडत आली की निकाल टेबलावरून. बाद म्हणजे इस्त्री लोखंडी तिवईवर ठाण्णकन आपटायची. नाबाद म्हणजे नुसतं पाणी शिंपडायचं. अपील नाही. पहिला दांडूही तिचाच, कपडे धुवायच्या मोडक्या धोपाटण्याचा. विटी मारल्यावर अंतर दांडूने मोजायचं, वकट, लेंड, मुंड, नाल करत. ती मोजणी पोरांच्या तीन पिढ्यांनी तिच्याकडून घेतली.

आणि खळी. ज्याने विटीदांडू खेळला नसेल त्याच्यासाठी सांगतो. जमिनीत वीतभर लांब, चार बोटं खोल अशी खळी खणतात. तिच्यावर विटी आडवी ठेवायची, खाली दांडूचं टोक घालायचं आणि विटी हवेत भिरकवायची. याला कोलणं म्हणतात. खळी नाही तर कोलणं नाही, कोलणं नाही तर खेळ नाही. दर रविवारी सकाळी बाई निखारे ओढायच्या सळईने ती खळी साफ करायची. पाण्याच्या नळीवाले, केबलवाले, कोणीही फावडं घेऊन त्या बाजूला वळलं की इकडून गर्जना, "तिथे नाही! तिथे हात लावलात तर बघा!" एका केबलवाल्याला तिने तापलेली सळई दाखवून टाकीपर्यंत पळवला होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता दुसरा माणूस. त्याची आठवण काढायची म्हणजे आधी तोंड धुवून यावंसं वाटतं. फरशीवाले शेठ. चौकात मोठं दुकान, आत आरशासारख्या फरश्या, बाहेर शेठचा फोटो. शेठच्या तोंडात कायम आगकाडी. तिने दात कोरायचे, काडीकडे बघायचं, काडी हुंगायची आणि पुन्हा तोंडात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचे शर्ट आमच्या बाईकडेच यायचे, आणि न धुता यायचे. घाम वाळवायचा, अत्तर शिंपडायचं आणि इस्त्रीला पाठवून द्यायचं. वाळलेल्या घामावर तापलेली इस्त्री फिरली की जो वास उठतो त्याला मराठीत शब्द नाही आणि नसावा. बाई नाकाला फडकं बांधून त्यांचे शर्ट करायची. मी तेवढ्यापुरता खोकं सोडून टाकीपाशी जायचो.

तर हे शेठ एका संध्याकाळी टेबलाशी आले. मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि गदगदून म्हणाले, "बाई, आपले जुने खेळ मेले हो, आपली संस्कृती मेली! आजकालच्या मुलांना विटीदांडू म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही."

त्यांच्या पाठीमागे सतरा पोरं लगोरी खेळत होती. मी मोजली. 'संस्कृती' म्हणताना शेठच्या तोंडातून एक तुषार उडाला आणि धुतलेल्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बसला.

"शेठ, जरा मागे वळा," बाई म्हणाली.

"मागे काय? आपल्याला पुढे बघायचंय! मी मंडळ काढतोय, पारंपरिक खेळ संवर्धन मंडळ. हे मैदान कायमचं खेळांच्या नावावर करून घेतो. बोर्ड लावतो. उद्या कोणी इथे गाड्या लावायला आला तर त्याची हिंमत होता कामा नये."

कायमचं. या एका शब्दाला बाई भुलली. कॉलरवरून माणूस ओळखणारी बाई! पण वर्षानुवर्षं तिला एकच भीती होती, की हे बेवारशी मैदान कोणीतरी एक दिवस घशात घालणार. आता एक माणूस स्वतःहून म्हणतोय, पोरांच्या नावावर करून देतो. शेठ गेल्यावर मी म्हटलं, "बाई, काखेकडे बघायचं विसरलात."

"गप्प बसा काका. वास असला म्हणून माणूस वाईटच असतो असं नाही."

शेठनी खेळांची माहिती मागितली होती. मग आठ दुपारी ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. तेवीस खेळ निघाले. कोणत्या खेळाला जमीन कशी लागते, खळी केवढी, लगोरीच्या सात ठिकऱ्या कशा रचायच्या, कोणावर राज्य कसं येतं, चिडका पोरगा असला तर त्याला खेळात कसा घ्यायचा, हेसुद्धा. दोनशे पानी वही मी सुवाच्य अक्षरात भरली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

वही द्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो. आतल्या खोलीत चारी भिंतींना नमुन्याच्या फरश्या, कोपऱ्यात नमुन्याचं बेसिन. नळ नसलेलं ते बेसिन वापरून आगकाड्यांनी अर्धं भरलेलं. शेठ चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून आत पडलं. त्यांनी दोन बोटं चहात घातली, लगदा बाहेर काढला, खाल्ला, बोटं चोखली आणि उरलेली ओल आमच्या वहीच्या मुखपृष्ठाला पुसली.

"फारच छान. मौल्यवान ठेवा आहे हा," म्हणाले आणि चहाचा पेला त्या ठेव्यावर ठेवला.

बाई बाहेर आली. घरापर्यंत पदराला हात पुसत राहिली.

मग मैदानाला पत्रे लागले. तीन आठवडे आतून घरघर, धूळ आणि सिमेंटचा वास. पोरं पत्र्याच्या भोकांना डोळे लावून उभी. बाईने धुळीमुळे पांढरे कपडे घ्यायचे बंद केले, पण तक्रारीचा शब्द नाही. "होऊ दे, होऊ दे. चांगल्या कामाला धूळ उडतेच," असं वर मलाच समजवायची.

पत्रे निघाले आणि आत काय तर फरशी! या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, गुलाबी, चकचकीत फरशी. शेठच्या गोदामात चार वर्षं पडून राहिलेला माल, ज्याला लोकांनी न्हाणीघरातसुद्धा जागा दिली नव्हती. मध्ये शेठचा हात जोडलेला फोटो. बाजूला नियमांचा फलक. नियम पहिला: मैदानात पळू नये. नियम दुसरा: आरडाओरडा करू नये. नियम तिसरा: खणू नये. खेळांचं मैदान होतं की दवाखाना, कोणास ठाऊक.

आणि खळीच्या जागी? खळीच्या जागी पिवळ्या रंगाने खळीचं चित्र काढलं होतं. वीतभर लांब, गोलसर, छान रेखीव. मी हसायला लागलो. बाईकडे बघितलं आणि हसू गिळलं.

पंधरा दिवसांनी मोठे पाहुणे येऊन उद्घाटन करणार होते. त्याआधी सरावासाठी पोरांना आत सोडलं. मंडळाच्या टोप्या घातल्या, हातात प्लॅस्टिकच्या विट्या दिल्या, त्यांच्यावर दुकानाचं नाव. एका मुलीने पिवळ्या चित्रावर विटी ठेवली आणि दांडू खाली घालायला गेली. घालणार कुठे? दांडू फरशीवर घसरला, खर्रकन ओरखडा उठला. "ए, फरशी! फरशी!" करत मंडळाचा माणूस धावला. त्याला चुकवायला मुलगी पळाली, घसरली आणि हनुवटीवर आपटली. रक्त आलं.

शेठ तिथेच उभे होते. फोटोवाला शेजारी होता. शेठ ओरडले, "पुसा, पुसा! आधी फरशी पुसा, डाग धरेल!"

हे मी कानांनी ऐकलं. आयुष्यात खूप घाण ऐकलीय, पण इतकी नाही. बाईने मुलीला उचललं, धुतलेल्या चादरीची पट्टी फाडून हनुवटी बांधली. ज्या गिऱ्हाइकाची चादर होती त्याने नंतर काही म्हटलं नाही. दोन दिवसांत मैदान ओस पडलं. पोरं जिन्यात मोबाइल घेऊन बसायला लागली आणि त्यांना जिन्यात बघून शेठ म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? या पिढीला खेळच नको!"

तरी बाई सरळ मार्गाने गेली, हे मला सांगायलाच हवं. दुकानात जाऊन उभी राहिली. मी दाराशी होतो.

"शेठ, खळीपुरती एक फरशी काढा. एकच. नाहीतर पोरांनी कोलायचं कसं?"

"कोलायचं म्हणजे?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "कोलायचं म्हणजे कोलायचं. वहीत लिहून दिलंय. पान चौथं."

"हां, हां, वही. वाचतोय, वाचतोय," शेठ म्हणाले. पेला अजून तिथेच होता. मुखपृष्ठावर चहाची सात-आठ वर्तुळं, एकात एक. "असं आहे बाई, एक फरशी काढली की सगळा लुक जातो. आणि खेळाचं म्हणाल तर खेळ हे प्रतीक आहे. लोकांनी यावं, बघावं, अभिमान वाटावा. प्रत्यक्ष खेळलंच पाहिजे असं कुठे आहे?"

परत आल्यावर तिने शेठच्या सहा शर्टांची बोचकी जशीच्या तशी माणसाकरवी परत पाठवली. वर निरोप, "धुऊन पाठवा."  मग दोन दिवस ती इस्त्री गालाजवळ धरायची आणि तशीच धरून ठेवायची. मला भीती वाटायची.

त्याच आठवड्यात कुजबुज उठली. न्हावी म्हणाला, दूधवाला म्हणाला, काकूंनी दिशा सांगितली. खोटं कशाला बोलू, मीही हातभार लावला. लोक एकदम शहाणे झाले. "अहो, म्हणूनच ती तिथे कोणाला खणू देत नव्हती!" "दर रविवारी सळई घेऊन काय उकरायची तिथे?" "आणि पंच कशाला झाली, पहारा द्यायला!" बायका मैदानाला वळसा घालून बाजारात जायला लागल्या. पोलीस ठाण्यात एक निनावी पत्र पोचलं: एकोणीस वर्षांपूर्वी अमुक माणूस नाहीसा झाला, तक्रार कोणीच केली नाही, जागा अमुक, टाकीपासून तेरा पावलं. आणि एका सकाळी फौजदार टेबलाशी येऊन उभे राहिले.

फौजदारांचा गणवेशही बाईच करायची. "साहेब, डाव्या खिशाचं बटण," तिने मान वर न करता सांगितलं. "दोन आठवडे निरोप पाठवतेय."

"बटण राहू द्या. तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"माझ्याकडे नाहीत."

"ते दिसतंय. मग कुठे आहेत?"

"एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही साहेब. आज बरी आठवण झाली."

"मैदानात कोणाला खणू का देत नव्हता?"

बाईने इस्त्री तिवईवर ठेवली. हळूच, आवाज न करता. "तिथे माझं काहीतरी आहे."

"काय आहे?"

"खणल्यावर कळेल."

झालं. नवरा दाखव, नाहीतर मैदान खण, अशी गत झाली. केबलवाला साक्षीला आला आणि तापलेल्या सळईची गोष्ट त्याने हातवारे करून सांगितली. दुसऱ्या दिवशी फरशी फोडायची यंत्रं आली. शेठ धावत आले, शर्टाच्या काखा भिजलेल्या. "साहेब, माझी फरशी! परवा पाहुणे येणार आहेत! एका इस्त्रीवालीसाठी?"

"पाहुण्यांनी काल फोन केला," फौजदार म्हणाले. "मढ्यावर फीत कापणार नाही म्हणाले." मग खिशातून ते निनावी पत्र काढून त्यांनी शेठसमोर धरलं. "तुमचा कोणावर संशय? अक्षर ओळखीचं वाटतंय का?"

शेठनी आगकाडी तोंडातून काढून पत्राच्या ओळींवरून फिरवली. "छे! हे अक्षर मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

तेवढ्यात बाईची मुलगी आली. आता पंचविशीची, सासरी दुसऱ्या वस्तीत. लोकांनी फोन करकरून तिला हैराण केलं होतं. चपलासुद्धा वेगवेगळ्या घालून आली होती.

"आई, हे काय चाललंय? लोक काय वाट्टेल ते बोलतायत! सांग ना त्यांना. बाबा तर—"

"निखारे विझतायत. वारा घाल," आई म्हणाली.

"ताई, तुम्ही काय म्हणत होतात?" फौजदारांनी वळून विचारलं.

मुलगी आईकडे बघत राहिली. मग गुलाबी फरशीकडे. मग त्या पिवळ्या खळीच्या चित्राकडे. तिथे ती बराच वेळ बघत होती. शेवटी तिने पंखा उचलला. "काही नाही. बाबा तर मला आता आठवतही नाहीत, असं म्हणत होते."

यंत्र सुरू झालं. चित्रातल्या खळीवरच पहिला घाव पडला. फरशी फुटली, सिमेंट फुटलं, खालची ओली माती वर आली आणि कित्येक आठवड्यांनी मैदानाला मैदानाचा वास आला. संपूर्ण वस्ती नाकाला रुमाल लावून उभी. मढ्याचा वास येतोय म्हणे! काकूंना तर भोवळ आली. टाकीपासून तेरा पावलांवर काही मिळेना, म्हणून चौदा, मग वीस, मग काकूंच्या दिशेने शाळेपर्यंत. दोन दिवस खणलं, पुरुषभर खोल. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. यांनी फरशी पोखरून अकरा विट्या काढल्या, एक चमचा, एक लहान चप्पल आणि मूठभर गोट्या. फौजदारांनी विट्या टेबलावर आणून ठेवल्या.

"हे तुमचं?"

"हो," बाई म्हणाली. त्यातली एक तिने उचलली, पुसली आणि तिचं टोक बघितलं.

पुढचं चांगलं नाही, पण सांगतो. शेठनी अख्ख्या राहिलेल्या फरश्या उचलून परत दुकानात विकायला ठेवल्या. ढिगाऱ्यासमोर उभं राहून काढलेला फोटो मंडळाच्या पुस्तिकेत छापला, खाली ओळ: संवर्धनाच्या वाटेवरील संकटे. दुसरीकडे मैदान शोधतोय म्हणतात. त्या वस्तीचं मला वाईट वाटतं. सिमेंटचे ढिगारे अजून अर्ध्या मैदानात पडून आहेत, कुत्री त्यांवर पाय वर करतात. पोरांनी उरलेल्या अर्ध्या मैदानात खड्डे बुजवले आणि नवी खळी खणली. त्या हनुवटीवर व्रण असलेल्या मुलीने खणली.

नवरा पुरलेला नाही हे वस्तीला कळलं. पण वस्तीला ते आवडलं नाही. अर्धी गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. तिच्या हातचा शर्ट अंगावर घालवत नाही, असं काकू अजून सांगतात. दुपारी टेबलावर पूर्वी कपड्यांचा डोंगर असायचा, आता टेकाड असतं. परवा मी तसं म्हटलं तर इस्त्री गालाजवळ धरून म्हणाली, "बरं आहे काका. मैदान नीट दिसतं."

आणि खरं काय ते असं. नवरा जिवंत आहे. दुसऱ्या शहरात सायकली दुरुस्त करतो, तिथे त्याची दुसरी बायको आणि दोन मुलं आहेत. पत्ता बाईकडे पहिल्या वर्षापासून होता आणि मुलीलाही माहीत होता. खणून झाल्यावर तिसऱ्या दिवशी बाईने तो फौजदारांना दिला. त्यांनी फोन लावला, नवऱ्यानेच उचलला. अफवा बाईने स्वतः उठवली. एका मंगळवारी दुपारी ती तिने मला सांगितली आणि कोणाला सांगू नका म्हणाली. निनावी पत्राचा मजकूर तिचा होता, अक्षर माझं होतं. शेठनी ती वही एकदा जरी उघडली असती, तरी त्यांनी ते ओळखलं असतं.